कट्ट्याचा कौल

(बार्शीटाकळीजवळ, झेंडूच्या वावराचा बांध. गोवर्धन आणि त्याची बायको शकुन हार ओवत बसले आहेत. समोर अकोल्याहून आलेले चिंतामण वकील, मोर्णा स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष.)

गोवर्धन : त्याचं नाव काहाले काढता सकाळी सकाळी, वकीलसाहेब? ज्या कोचनं एकदा पाठ फिरवली, तो आमच्यासाठी गेला.

चिंतामण : काढावं लागतं, गोवर्धनभाऊ. शेखर सर परत यायला तयार आहेत. रविवारी मॅचच्या आधी मैदानाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या प्रेक्षकांचा हात वर करून कौल घ्यायचा आहे. क्लबच्या घटनेत हे कुठं लिहिलेलं नाही, पण कट्ट्यानं हात वर केल्याशिवाय आपल्याकडे कोच झाला नाही कधी. म्हणून आधी तुमच्याकडे आलो.

शकुन : अन् शेखर सर आले तं आमचा देवा कुठी जाईन?

चिंतामण : वहिनी, एका टीमला कोच एकच असतो.

शकुन : म्हंजे काढून राहिले तुमी त्याले. तसं सरळ सांगा ना. चहा मी तरीबी देईन.

चिंतामण : हो. देवानंदला बाजूला व्हावं लागेल.

गोवर्धन : तो तिकडं मैदानावर पोट्ट्याईची प्रॅक्टिस घेऊन राहिला, अन् तुमी इकडं त्याच्या बापाले इचाराले आले.

चिंतामण : तो तिकडे आहे म्हणूनच आलो.

गोवर्धन : मंग माही गोष्ट आयका. ते सेमीफायनल आठवते? आमी कट्ट्यावर येऊन बसलो, गडी वार्मअप करून राहिले, अन् कोचचाच पत्ता नाही. कट्ट्यावरचे आमचे नत्थुजी पेपर घेऊन आले. त्यात फोटो. शेखर सर अमरावतीच्या अकॅडमीत, गळ्यात हार, बाजूले सारे हसून राहिले. आमाले बारावा गडी म्हने तो मानूस. बाराव्या गड्याले पेपरातून समजलं.

चिंतामण : त्यांची इथली शाळेतली नोकरी सुटली होती, भाऊ. तिकडं पगार होता. घर चालवायचं होतं त्यांना.

गोवर्धन : पगाराले मी नाव ठेवत नाही. जा ना बाप्पा, कोन धरते? पन सांगून जा. मी सोता बस स्टँडवर सोडाले गेलो असतो, डोक्यावर ट्रंक घेऊन. 

चिंतामण : त्यांच्यासारखी टीम कोणी खेळवली नाही, हे तरी मानता ना?

गोवर्धन : मानतो. कोन नाही म्हनते? त्याईच्या टाइमले बॉल आपल्याजवळून जातच नव्हता. अमरावतीचे गडी निरे पयत राहत मांगं मांगं. 

चिंतामण : आणि आता? यंदा एक तरी मॅच जिंकलो? असंच चाललं तर बी डिव्हिजनमध्ये जातो आपण. मोर्णा स्पोर्टिंग कधीच खाली गेलेली नाही.

गोवर्धन : गोलकीपरचं मनगट मोडलं. दोन चांगले पोट्टे पुन्याले कंपनीत लागले. देवा काय वावरातून गडी उपटून आनीन? अन् डिफेन्स तं सुधरला ना. मागच्या मॅचले हाफटाइमपावतर एक गोल बसला नाही.

चिंतामण : नंतर चार बसले.

गोवर्धन : रेफरी अमरावतीवाल्याईचा होता.

चिंतामण : रेफरी बुलढाण्याचा होता, भाऊ. मॅच संपल्यावर तुम्हीच त्याला पाणी दिलं.

शकुन : बोला आता.

गोवर्धन : तू हार ओव.

शकुन : ओवूनच राहिली. तुमचाच हात थांबला केव्हाचा.

गोवर्धन : वकीलसाहेब, शेखर गेला तवा तुमी कमिटीवाले टीमच बंद कराले निघाले होते. मैदानावर कोनी उभं नव्हतं. माहा पोरगा गुडघा मोडेल असून उभा राह्यला. खेळता येत नव्हतं, तं म्हने खेळवतो. तवा तुमी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. आता तोच हात धरून त्याले भाईर काढता.

चिंतामण : मी ते विसरलेलो नाही. विसरलो असतो तर फोन केला असता. इथं येऊन बसलो नसतो.

गोवर्धन : बरं केलं आले ते. घ्या तुमचा कौल. माहा हात खाली राहीन. अन् माहा खाली राह्यला का कट्ट्यावरचे निम्मे हात खालीच राहतीन. तुमाले मालूम हाय ते.

चिंतामण : मालूम आहे. म्हणून आता एक सांगावं लागतं, जे मी सांगणार नाही असा शब्द दिला होता. शेखर सरांना बोलवायला मी गेलो नाही. कमिटीतलं कोणीच गेलं नाही.

गोवर्धन : मंग कोन गेलं?

शकुन : देवा गेला.

गोवर्धन : तुले कोनं सांगतलं?

शकुन : कोनी नाही. मांगं अमरावतीले जातो म्हने, खेळाचे बूट आनाले. आला तं हात रिकामे. म्हटलं, बूट? म्हने माप नव्हतं. अकोल्यात भेटते ते माप अमरावतीत नाही भेटत? पन त्या संध्याकाळी पोटभर जेवला. कितीक दिवसानं.

चिंतामण : बरोबर आहे, वहिनी. तो सरांच्या घरीच गेला होता. सरांनीच मला फोन करून सांगितलं. त्यांना म्हणाला, "सर, माझ्याच्यानं होत नाही. टीम माझ्या हातानं खाली जाऊन राहिली. तुम्ही या. मी जाळी बांधीन, गड्यांना पाणी देईन, पण तुम्ही या."

गोवर्धन : असं म्हने?

चिंतामण : असंच.

गोवर्धन : मले काहून नाही सांगतलं त्यानं? एका घरात राहतो. गाडीवर मांगं बसवून मले मैदानावर नेते. अख्ख्या रस्त्यानं एक शब्द नाही.

चिंतामण : मी विचारलं त्याला. म्हणाला, "बाबांना सांगा, कमिटीनं काढलं. ते तुम्हाला शिव्या देतील, तेवढ्या खाऊन घ्या. पण पोरानं हात टेकले हे त्यांना समजू देऊ नका." मी म्हटलं, अरे, बापच आहे तो. तर म्हणाला, "हरलो की बाबा कट्ट्यावरून सगळ्यात शेवटी उतरतात. रस्त्यात कोणी गाठू नये म्हणून. मला ते मैदानातून दिसतं."

गोवर्धन : म्हातारा झालो. उतराले टाइम लागते.

शकुन : कट्टा कमरेएवढा हाय म्हनत होते ना तुमी?

गोवर्धन : शकुन, गप राय.

चिंतामण : जाऊ द्या वहिनी.

गोवर्धन : नाही, बरोबर बोलून राहिली ते. मी थांबतो. चपला शोधतो म्हनून थांबतो, कधी नत्थुजीसंगं बोलतो म्हनून थांबतो. मले वाटे, कोनाले काय समजते. लय वाईट वाटून राहिलं, वकीलसाहेब. हरल्याचं नाही. त्यानं तिकडं टीम पाहाव का बापाचं तोंड पाहाव?

चिंतामण : त्याला तुमचा राग नाही, भाऊ.

गोवर्धन : राग असता तं बरं झालं असतं. शेखर आला तं टीम वाचन का?

चिंतामण : तशी हमी मी कोर्टातही देत नाही. पण गडी त्यांचं ऐकतील. आणि देवानंदला सोबत ठेवायचं म्हणून राहिले सर. ते त्या दोघांनी ठरवावं.

गोवर्धन : ठीक हाय. रविवारी कौल घ्या. पयला हात माहा.

शकुन : काय बोलता? लोकं काय म्हनतीन? बापानंच पोराले काढलं म्हनतीन.

गोवर्धन : म्हनू दे. माहा हात खाली राह्यला तं देवाले वाटन, बाबाले झोंबलं. मंग जलमभर तेच घेऊन फिरन. पयलाच वर गेला तं म्हनन, बाबा फुटबॉलवाला मानूस, त्यानं टीम पाह्यली. मोकळा होईन पोरगा. अन् वकीलसाहेब, तुमी मले काही सांगतलं नाही.

चिंतामण : नाही सांगितलं. शिव्या खाल्ल्या आणि निघालो.

गोवर्धन : हा हार न्या घरी, देव्हाऱ्यात लावा. खाली हातानं नोका जाऊ.

शकुन : अन् तुमी हात वर कराल, तवा तो तुमच्याकडंच पाहीन. मंग?

गोवर्धन : तू येजो रविवारी.

शकुन : मी? मी कधी आली का मैदानात?

गोवर्धन : या खेपेले ये. तो माह्याकडं पाहीन तवा कोनीतरी त्याच्याकडं पाह्याले पायजे. माह्याच्यानं नाही होनार ते.