उलटी कडी

(बाथरूमचं दार बंद. बाहेर नवराबायको: तो कुलपं-किल्ल्यांचा कारागीर, ती गाडी शिकवणारी मास्तरीण. आत, मूल दत्तक देणाऱ्या संस्थेकडून घर बघायला आलेल्या बाई.)

कुलूपवाला : दोन्ही बटणं एकदम दाबा, ताई. आणि कडी वर उचला. वर!

बाई : उचलतेय हो. जागची हलत नाही.

मास्तरीण : अहो, ओरडताय काय त्यांच्यावर! मॅडम, घाबरू नका हं. आधी डावा अंगठा, मग उजवा. घाई नाही, मागून कुणी हॉर्न वाजवत नाहीये.

बाई : घाबरले नाही मी. हात धुवायला आले होते, ते धुऊन झाले, एवढंच.

कुलूपवाला : खास कडी आहे ही, ताई. लहान मुलाला आतून लावताच येत नाही. मोठ्या माणसालाच लावता येते.

मास्तरीण : आणि मोठ्या माणसाला उघडता येत नाही. धन्य आहे!

कुलूपवाला : अगं, सकाळीच तर बसवली. तीस वर्षं हाच धंदा करतोय मी.

मास्तरीण : सकाळी मी विचारलं, एकदा लावून बघितलीत का? तर म्हणे, मला शिकवतेस?

बाई : बाहेरून नाही का उघडत?

कुलूपवाला : उघडते की! पाव मिनिटात. फक्त एक छोटा पाना लागतो.

मास्तरीण : मग आणा ना. मुहूर्त बघताय का?

कुलूपवाला : पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. मुलाच्या हाती हत्यारं लागू नयेत म्हणून कालच घातलं.

मास्तरीण : आणि किल्ली?

कुलूपवाला : उंचावर ठेवलीय. घरात सगळ्यात उंच जी फळी आहे ना...

मास्तरीण : नका सांगू. देवा, नका सांगू.

कुलूपवाला : ताई, तुमच्या डोक्यावर एक फळी दिसतेय का? त्यावर साबणाचा डबा आहे बघा.

बाई : दिसतोय. माझा हात नाही पुरत.

मास्तरीण : मॅडम, हे तेवढं अहवालात लिहू नका हं. तुमच्या पाया पडते.

बाई : काय लिहिणार? पेन बाहेर पर्समध्ये राहिलंय.

कुलूपवाला : मी समोरच्यांकडून हातोडी आणतो. दार फोडू.

बाई : काही फोडायचं नाही. मला तुमच्याशी तासभर बोलायचंच होतं, ते इथून बोलू. बसायला स्टूल आहे इथे छोटंसं. तुम्हीही बसा.

मास्तरीण : कुठे, जमिनीवर?

बाई : मग काय खुर्च्या मांडताय? हं. वयं सांगा.

कुलूपवाला : बावन्न.

मास्तरीण : सत्तेचाळीस.

बाई : बेरीज नव्व्याण्णव. शंभर झाली की आमच्याकडे फाईल बंद होते, माहीत आहे ना?

मास्तरीण : पाठ आहे. यांचा वाढदिवस पुढच्या महिन्यात येतोय. मी बजावून ठेवलंय, यंदा वाढायचं नाही.

बाई : इतका उशीर का केलात?

मास्तरीण : आम्ही कुठे केला? लग्नच उशिरा झालं. मी एक्केचाळीस, हे सेहेचाळीस. मग दोन वर्षं दवाखाने. सुया, तारखा, पुन्हा सुया. एक दिवस हेच म्हणाले, बास आता, तुझ्या दंडावर जागा उरली नाही.

बाई : भेट कशी झाली?

कुलूपवाला : ही गाडीत किल्ली विसरायची. दार लॉक, किल्ली आत. मी जाऊन उघडून द्यायचो. एका महिन्यात चारदा! म्हटलं, एवढी विसरभोळी बाई पोरांना गाडी शिकवते तरी कशी?

मास्तरीण : हं.

कुलूपवाला : हं काय?

मास्तरीण : काही नाही. दुसरी किल्ली पर्समध्ये होती माझ्या.

कुलूपवाला : कधी?

मास्तरीण : चारही वेळा.

कुलूपवाला : अगं! पहिल्यांदा मी भर उन्हात सायकल मारत आलो होतो!

मास्तरीण : म्हणून तर पुढच्या तिन्ही वेळा संध्याकाळी विसरले.

बाई : सहा वर्षांत सांगितलं नव्हतं यांना?

मास्तरीण : विचारलंच नाही कधी त्यांनी. कुलपातलं सगळं कळतं यांना, बाकी सगळा आनंद.

बाई : बरं. आता मला सांगा, मूल कशाला हवंय?

कुलूपवाला : आम्ही बालकाला प्रेमळ, सुरक्षित आणि पोषक वातावरण...

बाई : ते अर्जात वाचलं मी. पाठ केलेलं नको.

मास्तरीण : मी सांगते. गाडी शिकवताना ना, माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा काहीही करो, माझा पाय त्यावर. बावीस वर्षं झाली. ज्यांना शिकवलं त्यांची मुलं यायला लागली आता शिकायला. संध्याकाळी घरी येते, सोफ्यावर बसते, आणि बघते तर काय, पाय तसाच दाबलेला. आणि घरात कुणीच काही चालवत नसतं, मॅडम. मला रडू येतं त्याचं. हे आले की मी कांदा चिरायला घेते.

कुलूपवाला : तरीच रोज कांदा.

बाई : आणि तुम्ही?

कुलूपवाला : मला नाही बोलता येत, ताई.

बाई : दार बंद आहे. मला तुमचं तोंड दिसत नाही. बोला.

कुलूपवाला : एकदा एक पोरगं खोलीत अडकलं होतं. तीनेक वर्षांचं. आई बाहेर रडतेय, ते आत रडतंय. मी दार उघडलं. ते धावत आलं आणि चुकून माझ्याच गळ्यात पडलं. मग बघितलं, हा आपला कुणी नाही, आणि गेलं आईकडे. एवढंच. पण पुढे दिवसभर दुकान उघडलं नाही मी. बागेत जाऊन बसलो.

मास्तरीण : हे मला कधी नाही सांगितलंत.

कुलूपवाला : तू विचारलंस कुठे?

मास्तरीण : माझीच वाक्यं मला परत करू नका.

बाई : मला एक सांगा. हा आरसा इतका खाली का लावलाय? मला त्यात फक्त माझं पोट दिसतंय, आणि ते बघायची मला हौस नाही.

कुलूपवाला : ते... भिंत जरा कच्ची आहे वर.

मास्तरीण : खोटं बोलतायत. अर्ज दिला ना दोन वर्षांपूर्वी, त्याच दिवशी खाली आणला. तेव्हापासून गुडघ्यावर बसून दाढी करतात. दोनदा हनुवटी कापून घेतली.

कुलूपवाला : सांगायचं नव्हतं ते, अगं.

बाई : कुणाच्या उंचीचा लावलाय?

कुलूपवाला : अर्जात आम्ही चार वर्षांचं लिहिलं होतं. समोरच्यांची नात चार वर्षांची होती तेव्हा. तिला उभं करून माप घेतलं.

बाई : मूल आल्यावर लावता आला असता.

कुलूपवाला : आल्यावर नाही, ताई. ते आलं की घर अनोळखी, आम्ही अनोळखी. कधीतरी एकटं हात धुवायला जाईल. तेव्हा निदान एक तरी चेहरा ओळखीचा दिसायला हवा.

मास्तरीण : मॅडम?

कुलूपवाला : ताई, आहात ना?

बाई : आहे. जाणार कुठे? नाक पुसतेय. टॉवेल कुठला वापरू?

मास्तरीण : निळा माझा. तो घ्या. छोटा पिवळा नका घेऊ, तो... तो ठेवलेला आहे.

बाई : दिसला. सरका जरा दोघं बाजूला, दार बाहेर उघडतं.

कुलूपवाला : अरेच्चा! उघडलं? कसं उघडलं?

बाई : खाली ओढून. वर उचलायची नाहीच ती. तुम्ही उलटी बसवलीत, दादा.

मास्तरीण : उलटी! तीस वर्षं हाच धंदा!

कुलूपवाला : सकाळी लक्षच ठिकाणावर नव्हतं गं माझं. तुम्ही यायच्या होतात ना.

बाई : आणि ही घ्या तुमच्या पेटीची किल्ली.

कुलूपवाला : म्हणजे हात पुरला?

बाई : स्टुलावर उभी राहिले. मजबूत केलंय, डगमगत नाही.

मास्तरीण : थांबा, थांबा. कडी कधी उघडता आली तुम्हाला?

बाई : तुम्ही जमिनीवर बसलात, त्याच्या आधीच.

मास्तरीण : मग इतका वेळ आत का बसलात, मॅडम?

बाई : तुमची दुसरी किल्ली नव्हती का पर्समध्ये? तसंच समजा.

मास्तरीण : अगं बाई!

बाई : पंचवीस वर्षं घरं बघतेय मी. बैठकीच्या खोलीत सगळेच खेळणी मांडतात. म्हणून मी आधी हात धुवायला जाते. आजच्यासारखी अडकले मात्र पहिल्यांदाच.

कुलूपवाला : मग... आमचं काय, ताई?

बाई : कडी काढून टाका. आजच. माझ्यासमोर.

कुलूपवाला : काढतो. आणि?

बाई : आणि वाढदिवसाच्या आत कागद व्हावेत म्हणून मी धावपळ करते. शेवटचा शब्द समितीचा असतो, पण शिफारस माझी. तोवर यंदा वाढू नका.

मास्तरीण : मॅडम, मी... मला बसू द्या जरा.

बाई : बसा. आणि तो आरसा थोडा वर घ्या.

कुलूपवाला : चार वर्षांच्या मुलाला बरोबर आहे तो. मापून लावलाय.

बाई : चारचं नाही. साडेसहाची आहे. समोरचे दोन दात पडलेत तिचे. दिवसातून दहादा आरशापुढे जाऊन बघते, आले का म्हणून.

कुलूपवाला : किती वर घेऊ?

बाई : वीतभर.

मास्तरीण : वीतभर घेतला तरी तुम्हाला गुडघ्यावरच बसावं लागणार हो.

कुलूपवाला : बसेन की.