अर्ध्या जाडीचा टाका

वसमतच्या स्टँडवर सांडलेली हळद. बंद घड्याळ. शेंगदाणे विकणाऱ्याचा बसलेला आवाज. काळा रबरी सूट, काखेत उसवलेला.

तो सूट हातात घेऊन धरणावरचा पाणबुड्या सुदाम गाडीच्या रांगेत बायकोवर करवादत होता. त्यांच्या मागे पंक्चरवाला मुंजाजी उभा होता.

“रुपा, काल शिवलं अन् आज काहून उसवलं?”

“रबर जुनं झालं.”

“रबर बराबर हाय. तू सुई आरपार घातली. टाक्याटाक्याला भोक पडलं, तिथंच फाटलं.”

“गोधडीला आरपारच घालतेत.”

“ही गोधडी हाय का? आधी सोलुशन लावायचं, मंग सुई अर्ध्या जाडीतून फिरवायची. मागच्या खेपेला थंड पाणी आत शिरलं, बोटं आखडली, दोरी सुटली हातातून.”

“म्हाईत हाय. तुमाला वर ओढलं तवा मी काठावरच व्हते.”

“उद्या धरणाच्या दरवाजाखाली उतरायचं हाय.”

“असल्या फाटक्यात?”

“असल्यात कोण उतरू देतंय? ठेकेदार दुसरा गडी बघल.”

“बघू द्या.”

“तांड्यात म्हणे तुझ्यासारखा टाका कुणाचा न्हाई!”

“म्हणतेत.”

सुदाम मागे वळला. “काका, तुमचे हात रबराच्या कामाचे दिसून राहिले. हे चिकटल का आता?”

रुपाने मुंजाजीकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला.

“न्हाई बाबा,” मुंजाजी म्हणाला. “भोकं लई पडली. गेला हा.”

गाडी लागली.

अर्ध्या जाडीतला टाका मुंजाजीने कालच, सूट शिवायच्या आधी, रुपाला दुकानात बसवून दाखवला होता, आणि तो तिला पहिल्याच खेपेला जमला होता.