बापाचे बाण

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. माहूरच्या बसस्थानकावर चंद्रप्रभाबाई लातूरच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी एक म्हातारी बसली होती आणि तिचा उंच मुलगा नवी दोरी लावलेले धनुष्य आणि जुन्या बाणांची जुडी घेऊन उभा होता.

“माय, डुकरं आज पुन्हा येतील. उरलीसुरली ज्वारी खातील. बाचेच बाण घेतो.”

“भिंतीकडं तोंड कर. लाव एक. गालापस्तोर ताण... थांब! टोक कुठं आलं?”

“धनुष्य धरलेल्या मुठीच्या आत.”

“सोडला असतास तर तुझ्याच हातात घुसला असता. तुझ्या बाचे हात तुझ्याहून आखूड होते, हे बाण त्याच्या मापाचे.”

“मंग कमी ताणतो.”

“डुकराला नुसतं खरचटंल, अन् ते चवताळून तुझ्यावर येईल. तुझा बा गेला. आता तू एकटाच हायेस मला, जंगू.”

“बा जाताना म्हणला, हे बाण तुझे.”

“अंथरुणाला पडून होता तो. तू केवढा झालास, दिसलं न्हाई त्याला. नवे कर, चार बोटं लांब. तवर डबडं वाजवत जागू दोघं.”

“आन् हे?”

म्हातारीने बाण एकेक करून पदरात गुंडाळले.

“हे माझे.”