दोन्ही बाह्या एका हाताच्या

आम्ही मूळचे कुठले म्हणाल तर इथलेच, चामराजपेटचे. सासरे सांगायचे की आपले लोक फार पिढ्यांमागे कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला खाली आले, फौज परत गेली आणि शिंपी राहिले. खरंखोटं कोणाला ठाऊक. माझं माहेर इथून तीन गल्ल्या पलीकडे, शाळा कन्नड, घरात मराठी, आणि ही आमची मराठी ऐकून तुम्ही पुण्याची माणसं गालात हसता, हसा बापडे. तुम्ही शहराच्या त्या टोकाहून, के. आर. पुरमहून दोन बस बदलून हे लिहून घ्यायला आलात म्हणून सांगते, नाहीतर हे मी माझ्या पोटच्या मुलीलाही अजून बोललेली नाही. सरोजा माझं नाव. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, आणि त्यातली तीस तरी माझ्या जावेवर जळण्यात गेली.

विमला तिचं नाव, माझ्या धाकट्या दिरांची बायको. आता तेही नाहीत आणि आमचे हेही नाहीत, आम्ही दोघीच उरलोय. घर एकच, पुढच्या बाजूला दोन दुकानं, मधे एका विटेची भिंत. तिची मशीन चालली की मला ऐकू येते, माझी तिला. ती लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हाताखाली कोणीतरी आलं. कसलं हाताखाली. महिन्याभरात सासूबाई म्हणायला लागल्या, विमलाचा हात बघ, टाका दिसतो का कुठे. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली. माझी मुलगी, माझी स्वतःची मुलगी, लग्नाचा ब्लाउज कोणाकडे शिवायला टाकलान् तिने? काकूकडे. मला म्हणाली, अम्मा, तुला किती कामं, स्वल्प आराम कर. मी सरी म्हटलं, म्हणजे बरं, आणि आत जाऊन मोरीत तोंड धुतलं दोनदा.

माझ्याकडे राहिलं काय, तर देवघर. थोरली सून म्हणून ते मला मिळालं. विमलाचे वडील मास्तर, त्यांच्या घरी दिवा लागायचा तर लागायचा. तिला मी एकदा विचारलं, तू देव मानतेस की नाही ते एकदा सांग. ती म्हणाली, अक्का, मला ठाऊक नाही, जे ठाऊक नाही ते हो कसं म्हणू? तर मी काय केलं, तिला जे येत नव्हतं ते धरून बसले. सोमवार, शुक्रवार, वरमहालक्ष्मी, नवरात्राचे नऊ दिवस उपास. भक्ती नव्हती असं नाही हो, होती, पण खरं सांगू का, हात जोडताना एक कान भिंतीकडे असायचा, की ती मशीनवर आहे आणि मी देवापाशी आहे.

आता निवडणुकीचं सांगते. आमच्या समाजाचा इथे एक संघ आहे, देवीचं देऊळ, एक लग्नाचा हॉल आणि मागे शिकायला येणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. अध्यक्ष नेहमी पुरुष. अध्यक्षाचा एक मान असतो, नवरात्रात देवीची पहिली आरती त्याची. हॉस्टेलचं म्हणाल तर न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, कित्येक वर्षं नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. विमला तिथे मुलींना शिवण शिकवायला जायची, तिने एक दिवस पेटेतून कडी आणली आणि स्वतः स्क्रू पिळून लावली. मुलींनी तिला डोक्यावर घेतलं. त्याच मुलींच्या आयांनी लावून धरलं की विमलाअक्का अध्यक्षाला उभी राहील, आणि ती राहिली.

हॉलच्या दाराला उमेदवारांची यादी लागली तो दिवस मला आठवतो. मी कापत होते, गीतम्मा म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक, तिच्या मुलीचा साखरपुडा विजयादशमीचा, त्याचा जरीचा ब्लाउज. शेजारच्या रत्नाने येऊन सांगितलं, तुझ्या जावेचं नाव लागलं बघ. मी सरी म्हटलं, कात्री चालूच ठेवली, आणि डोळ्यांपुढे काय, तर विमला देवीपुढे पहिली आरती करतेय आणि मी मागे बायकांना हळदकुंकू लावत फिरतेय. देव माझा आणि आरती हिची. ब्लाउज आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घाईघाईत दिला, घालूनसुद्धा बघितला नाही मुलीने.

आयुधपूजा तुमच्याकडे खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी मशीनला, कात्रीला, इंचपट्टीला हळदकुंकू, झेंडूचं फूल, दारात कोहळा फोडायचा, गल्लीत सगळ्यांना कडलेपुरी वाटायची, तुम्ही चुरमुरे म्हणता ते. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही. साधं बटणसुद्धा नाही. माझ्या सासऱ्यांनी एका मोठ्या साहेबाला दारातून परत पाठवलं होतं त्या दिवशी. तर मी सोवळ्यात आत देवापुढे बसलेली, दुपारची वेळ, आणि भिंतीपलीकडून मशीन सुरू. थांबत थांबत, पुन्हा सुरू, चांगली दोन तास चालली. मी जपमाळ खाली ठेवली. तुम्हाला वाटेल मला राग आला. मला आनंद झाला. देवाशपथ, मला इतका आनंद झाला.

देवळात फुलं ओवायला बसतो आम्ही बायका, तिथे मी सांगितलं. वाढवून काही नाही सांगितलं हो, जेवढं ऐकलं तेवढंच. पूजा केलेली मशीन चालवली विमलाने, दोन तास. बाकीचं लोकांनी केलं. दोन दिवसांत आख्ख्या पेटेत तेच, जी आयुधपूजेला मशीन चालवते ती देवीची आरती करणार?

मग हॉलमध्ये सभा झाली. दुसरे उमेदवार किसनअण्णा, कपाळभर गंध, भजनाला गळा इतका गोड की ऐकत राहावं. त्यांनी काही विचारलं नाही, त्यांच्या माणसांनी विमलाला विचारलं, तुमचा देवावर विश्वास आहे का ते सांगा, मग मतं मागा. हॉस्टेलची एक मुलगी उठली, काळी सावळी, धीट, म्हणाली, देव मानणाऱ्यांनी इतकी वर्षं आमच्या दाराला कडी का नाही लावली? सगळे तिच्यावर ओरडले, बस खाली म्हणाले. एक म्हातारे म्हणाले, पोरी, कडी सुतारही लावेल, आरतीला श्रद्धा लागते. मला ते पटलं. म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं. शेवटी कोणीतरी विमलाला विचारलं, मशीन चालवलीत की नाही? ती म्हणाली, चालवली. का? तातडीचं काम होतं. कोणाचं? तेव्हा पदराचं टोक दुमडत ती म्हणाली, ते नाही सांगणार. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला वाटलं, सापडली.

पडली ती. थोड्या मतांनी पडली, त्यातलं एक माझं. घरी येताना मला म्हणते कशी, अक्का, आज उपास ना तुमचा, मी साबुदाणा भिजवलाय.

चार-पाच महिने गेले. गीतम्मा तो जरीचा ब्लाउज घेऊन आली, मुलगी लग्नानंतर भरलीय, सैल करून दे म्हणाली. मी उलटा केला, काखेतली शिवण उसवायला घेतली, आणि तिथे एक कळी, जोडाचा तुकडा. पाठीच्या पट्टीतलं कापड काढून काखेत बसवलेली, करंगळीएवढी, बाहेरून शोधून सापडणार नाही. ती मी घातलेली नव्हती. टाका ओळखला मी. तीस वर्षं ज्या टाक्यावर जळले तो ओळखणार नाही?

गीतम्माला विचारलं तर ती गडबडली. म्हणाली, सरोजम्मा, त्या दिवशी मुलीने घालून बघितला तर डावा हात वरच होईना, बाही पाठीत ओढायची. पळत तुमच्याकडे आले तर तुमची नात दारात, म्हणाली, आजी पूजेला बसलीय, आज मशीनला शिवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. मी रडकुंडीला आले तर शेजारच्या अम्माने बोलावलं, फूल काढून बाजूला ठेवलं, मशीनला नमस्कार केला आणि बसली. मला म्हणाली, अक्काला सांगू नका, सुम्ने, उगाच वाईट वाटेल तिला.

कापड दुमडताना उलट-सुलट बघितलं नाही की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. शिकाऊ पोरी करतात ही चूक, पहिल्या वर्षी. मी केली, चाळीस वर्षांनी, कारण कापताना माझं लक्ष त्या यादीत होतं.

तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. वाटली, पण मागून. आधी मी जळले. म्हटलं, इथेही हीच वर, माझी चूक झाकण्यातसुद्धा हीच वर. सभेत नुसतं माझं नाव घेतलं असतं तर जिंकली असती, आणि घेतलं नाही. मग ती कळी तशीच ठेवून दुसऱ्या बाजूची शिवण उसवायला घेतली, गीतम्मा विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

किसनअण्णा वाईट नाहीत हो. आरती सुरेख करतात, माझ्या डोळ्यांत पाणी येतं. देवळाला नवीन फरशी बसवली त्यांनी. न्हाणीघराची कडी पावसाळ्यात निखळली ती तशीच आहे, मुली पुन्हा दार धरून उभ्या राहतात. आता पुढची निवडणूक आलीय. विमला नको म्हणते, मशीन आवाज करते तेवढा पुरे म्हणते. अर्जावर दोन सह्या लागतात, एक उमेदवाराची, एक तिचं नाव सुचवणाऱ्याची. दुसरी सही मी करून अर्ज तिच्या मशीनवर ठेवून आले काल. आज सकाळी बघितलं तर तिथेच होता, कात्रीखाली, उडू नये म्हणून ठेवलेला. सही अजून नाही.

रविवारी सभा आहे. तिच्या श्रद्धेचं पुन्हा निघेल, निघणारच, आणि उठायचं मला आहे. मशीन का चालली ते सांगायचं तर भर हॉलमध्ये म्हणावं लागेल, दोन्ही बाह्या मी एका हाताच्या कापल्या. गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत. जातील तर एक भिंत ओलांडून तिच्याकडेच जातील, त्यानेच तर मला झोप नाही. तुम्ही लिहून घेतलंत ना सगळं? मग आता मला मागे फिरता यायचं नाही, बरं झालं. देवी सगळ्यांचं भलं करो, तुमचं करो, तुमच्या मुलाबाळांचं करो, विमलाचं करो, आणि माझं तिच्यापेक्षा स्वल्प जास्त... नको, तिच्याएवढंच करो.