डांबराच्या पिंपाची शेगडी

...नाही, मला एक सांगा, माणूस स्वतःच्या आईसाठी शेगडी करतोय, स्वतःच्या अंगणात, स्वतःची बोटं भाजून घेत, तर आल्यागेल्यानं काय विचारावं? हातभार लावू का, विचारावं. चहा झाला का, विचारावं. पण नाही. तलासरी तालुक्यातला प्रत्येक माणूस आमच्या कुंपणाशी थांबणार, पिंपाकडे बघणार, मान वाकडी करणार आणि म्हणणार, "पण धूर कुठून जाणार?"

तुम्हाला सांगतो, उभा जन्म कचेरीत कारकुनी केली, लोकांनी नाही नाही ते विचारलं, पण इतक्या एकमतानं विचारलेला प्रश्न मी पाहिला नाही.

आता शेगडी कशाला, तर थंडी. आणि थंडी कशाला वाजेल घरात... तर आम्ही घरात नव्हतोच. घर आहे हो. चांगलं स्लॅबचं आहे, निवृत्त झाल्यावर बांधलेलं, वेवजीच्या रस्त्यावरून दिसतं. पण त्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्याकडे जमीनच हलायला लागली. आधी खालून गुडगुड, मग धक्का, मग फळीवरची भांडी खाली. बरं, एकदा काय तो मोठा येऊन मोकळा व्हावा, तर तसंही नाही, रोज थोडा थोडा, पुढची तारीख न सांगता... थेट आमच्या कचेरीची पद्धत. ज्या दिवशी हॉलच्या भिंतीला तडा गेला त्या दिवशी माझी आई, बायजी तिचं नाव, तिनं आपली गोधडी उचलली आणि अंगणात जाऊन बसली. म्हटलं, आई, स्लॅब मजबूत आहे. तर म्हणते, "बाळ्या, स्लॅब पडला तं माणूस मरतं. पेंढा पडला तं खाजतं नुसतं."

बोला. यावर कुठला इंजिनिअर काय बोलणार?

मग अंगणात मांडव. बांबूचे खांब, बाजूला कुडाच्या भिंती, वर पेंढा, पेंढ्यावर सरकारनं वाटलेली ताडपत्री. मी, माझी बायको जमना आणि आई, तिघं मांडवात, आणि स्लॅबचं घर समोर आमच्याकडे बघत उभं. डिसेंबर निघाला कसाबसा, पण जानेवारीतलं वारं कुडातून असं शिरायचं की जणू त्यालाच बाहेर थंडी वाजतेय. आई खोकायला लागली. आत उघडी आग पेटवावी तर वर पेंढा, आणि धुरानं खोकला दुप्पट. आणि हे सगळं कळलं नविनला. नविन म्हणजे माझा धाकटा भाऊ, वापीला कंपनीत, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. त्याचा फोन. "दादा, रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर मांडवात ऊब झाली तर ठीक, नाहीतर आईला मी घेऊन जाणार. तुझं काही ऐकायचं नाही मला."

आईला वापीला? मागे एकदा गेली होती हो. तिथं बाल्कनीत उभी राहून खालून जाणाऱ्या माणसांना हाका मारायची, "कुठं चालला रं?" कोणी मान वर करून बघितलं नाही. परत आली ती गप्पच. आमची आई, जी वाटेतल्या म्हशीलाही विचारपूस केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, ती गप्प. बरेच दिवस. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा नाही. म्हणजे आता काय हवं? बंद शेगडी. आग आत, ऊब बाहेर, आणि धूर... हां, थांबा, सांगतो कुठून ते.

तुम्हाला सांगतो, भंगार शोधायला लागलो आणि अंगात नुसतं वारं शिरलं. जिकडे बघावं तिकडे शेगडी दिसायला लागली. हायवेच्या कडेला डांबराचं रिकामं पिंप, रस्तेवाले टाकून गेलेलं. टाकूनच गेले असणार, कारण परत काही आले नाहीत. जाळीला सळया आमच्याच स्लॅबच्या उरलेल्या. पाइप बंद पडलेल्या हापशाचा, कुंपणामागे वर्षानुवर्षं आडवा पडलेला. आणि दाराला माझ्या कचेरीतल्या मोडीत निघालेल्या कपाटाचं दार. त्याच्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'आवक-जावक'. माझ्याच अक्षरात. म्हटलं, लाकूड आवक, राख जावक, शेगडीला याहून समर्पक काय?

जमना म्हणाली, "अहो, डांबराचं पिंप आहे, आधी बाहेर भाजून घ्या." मी म्हटलं, भाजेल आपोआप. तर म्हणाली, "बरं. पण धूर कुठून जाणार?"

घरातूनसुद्धा तेच!

मग दीपेशकडे नेलं सगळं. दीपेश उधव्याच्या रस्त्याला वेल्डिंग करतो, तोंडात अर्धी गुजराती, हातात पूर्ण गेट. म्हणजे त्यानं आयुष्यात गेटाशिवाय काही केलेलं नाही. मी समजावतोय, अरे, इथं दार, इथं पाइप, आणि हा माझ्याकडे न बघता, "थई जशे काका, होऊन जाईल. डिझाईन कोनसा? मोर, कमळ, ने ॐ."

"दीपेश, शेगडी आहे."

"हां, तो मोर सारू लागशे."

"अरे, मोरातून राख सांडेल."

"तो कमळ." आणि मग थांबला, चष्मा कपाळावर सरकवला, पिंपात डोकावला... मी मनात म्हटलं, नको, देवा, नको... "पण काका, धूर कुठून जाणार?"

शनिवारी संध्याकाळी शेगडी टेम्पोतून अंगणात. बाजूला कमळ, समोर आवक-जावक, दाराला कडी अशी की दरोडेखोर आला तरी हलणार नाही. मांडवाच्या छपराला भोक पाडलं, कडेनं पेंढा कापून पत्रा ठोकला, पाइप उभा केला. शेजारची शुक्री वहिनी नातवंडं घेऊन बघायला आली. म्हणाली, "बंब का घेतला?" बंब नाही, शेगडी. "मंग पाणी कुठं भरायचं?" पाणी नाही भरायचं. "मंग धूर..." मी म्हटलं, वहिनी, तो पाइप दिसतो का, तो, तिथून. समाधान झालं नाही तिचं. वर बघत बघत गेली.

रविवार. नविन आला. गाडी कुंपणाशी लावली, आल्या आल्या आईची पिशवी भरून हातात घेतली, निकाल लागायच्या आधी. आईनं शेगडीसमोर नारळ फोडला, तांदूळ वाहिले, मी काडी ओढली. लाकूड पेटलं. मी नविनकडे बघितलं. नविननं पाइपाकडे बघितलं. आणि पाइप सोडून, तुम्हाला सांगतो, पाइप एक सोडून सगळीकडून धूर. आवकमधून धूर, जावकमधून धूर, कमळाच्या पाकळीपाकळीतून धूर, तोही डांबराचा, काळा, दाट, असा की समोरचा भाऊ दिसेना. दिसत नव्हता तेच बरं होतं. सगळे खोकत बाहेर. "धूर इथून जाणार होता होय दादा?" नविन म्हणाला, आणि आईचा हात धरून तिला गाडीकडे नेलं. खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी. तिनं मागे वळून बघितलं माझ्याकडे. बोलली काही नाही. तेच वाईट होतं हो. एक पाय गाडीत ठेवला...

आणि खालून गुडगुड.

चांगला दणकून धक्का. घराची तावदानं वाजली, कोंबड्या ओरडल्या, गाडी आपोआप बोंबलायला लागली, आणि त्या सगळ्यात मांडवातून आवाज, ठण्ण! आणि मग... ढुस्स. धूर थांबला. बाजूचा थांबला, कमळातला थांबला, आणि वर, ताडपत्रीच्या वर, पाइपातून सरळ काळी रेघ आकाशात. आत आग अशी घुमायला लागली की भट्टी.

मी धावत जाऊन दार उघडलं, तर लाकडांवर मातीचा गोळा. कुंभारीण माशीनं पाइपात घर केलेलं, तेच बूच झालेलं. पाइप आडवा पडून होता ना, मी आतून बघितलंच नव्हतं. हे सगळं मी गाडीशी जाऊन आईला समजावून सांगितलं, की आई, माशीचं घर होतं, हादऱ्यानं सुटलं, खाली पडलं. आई म्हणाली, "हादरवलं कोणी?"

नविन सायन्सचा. त्यानं वर पाइपाकडे बघितलं.

"धरतरीनं फुंकर घातली," आई म्हणाली. गाडीतला पाय काढला, नविनच्या हातातली पिशवी घेतली आणि चालत मांडवात. नविन म्हणाला, "आई, अगं, गाडी..." "चहा पी आन् जा." शेगडीवर दूध ठेवलं, उतू घातलं, नव्या घरात घालतात तसं. चांगलं ऊबदार झालं हो आत. नविननं स्वेटर काढला, चहा प्यायला, रिकामी गाडी घेऊन गेला. आणि आख्खा पाडा अंगणात उभा, माना वर करून. तोंडातून एक प्रश्न नाही. "काय झ्याक धूर जातो," शुक्री वहिनी म्हणाली. जणू तिनंच लावलेला.

जिंकलो म्हणायचं ना? मलाही तसंच वाटलं. आईचा खोकला गेला. पुढे धक्केही कमी झाले, मी भिंतीचा तडा बुजवला, घराला रंग दिला, आणि म्हटलं, चल आई, आत. तर म्हणते, "चूल धरतरीनं पेटवली इथं. घर हे. ते तुझं." जमनेला म्हटलं, तू तरी चल. तिनं मिसळणाचा डबा मांडवात नेला. मग देव नेले. मग टीव्ही. संध्याकाळ झाली की शुक्री वहिनी नातवंडांसकट शेकायला, मग तिथंच आडवी. मला पाय पसरायला जागा नाही. आणि एक दिवस जमना म्हणाली, "अहो, बाहेर सरपण दवानं भिजतंय, तुमचा हॉल तसा रिकामाच आहे."

तर सध्या असं आहे, की आमच्या स्लॅबच्या घरात सरपण असतं, आणि राखणीला मी असतो. थंडी? वाजते ना. भोवती छतापर्यंत वाळलेलं लाकूड आहे, पण त्याला हात लावायचा नाही. ते आईच्या शेगडीचं.