हिंदुरावानं चोरून घेतलेली सुई

टाळ थांबवा! मंडळी, ऐका — आधी मला एक सांगा. माणूस रोगानं जास्त मरतो, की रोग लपवल्यानं? बोला की! गप्प बसलात? मग आख्यान तुमचंच आहे!

तर आमचा हिंदुराव. वय पन्नास, मिशा पिळदार, आणि अंगात साखर! रोज जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई. गावात कुणाला माहीत? फक्त बायकोला — आक्काताईला. तिलाही ह्यानं देवासमोर शपथ घातलेली. "कुणाला बोललीस तर बघ! पोरं म्हणतील, हिंदुराव संपला!"

अरे, तमाशात पैसे उधळलेले चारचौघांत सांगतोस, आणि साखर झाली तर लाज?

एके दिवशी दोस्तानं, भैरूनं, नवा ट्रॅक्टर घेतला. म्हणजे काय? शेतात मटण पार्टी! मटण शिजवायला अमीनचाचा. दारू पिऊ नका, हे मी वीस वर्षं सांगतोय — तुम्ही वीस वर्षं माना डोलावून पिताय. म्हणून आज, पिताना अक्कल शाबूत ठेवा, एवढंच सांगतो!

हिंदुरावानं काय केलं? चारचौघांत सुई कशी घ्यायची? म्हणून सातलाच घरी, मोरीत दार लावून टोचून घेतली. आणि डोकं चालवलं — "आज दुप्पट हाणणार, मग सुई पण दुप्पट!" डॉक्टर शिकून येडा, हा न शिकता शहाणा!

शेतावर पोचला. बघतो तर — मंडळी, बकरं अजून चरत होतं!

आता? आता काय, ग्लास भरले! पोटात घास नाही, अंगात डबल सुई, वर दारू. साखर निघाली खाली — उतारावर ब्रेक नसलेल्या गाडीसारखी!

नऊ वाजता हिंदुराव उठला. हात थरथरतायत, जीभ जड. ट्रॅक्टरला मिठी मारली आणि म्हणाला, "मामा, लई दिवसांनी आलासा!"

दोस्त खदाखदा हसले. "चढली रं चढली!"

"लिंबू आणा!"

एकानं लिंबू चोखवलं, दुसऱ्यानं डोक्यावर कळशी ओतली. मग हिंदुराव शिव्या द्यायला लागला, तेव्हा भैरू म्हणाला, "टाका कडब्यावर. झोपला की सकाळी उतरंल."

झोपला की उतरंल! मंडळी, तो झोपला असता ना, तर सकाळी तिरडीच बांधावी लागली असती! आणि हे दोस्त हां, दुश्मन नव्हेत!

चाचा घोंगडी टाकायला गेले. अंगाला हात लावला — बर्फासारखं गार! चेहरा टॉवेलनं पुसला, तर पुन्हा दरदरून घाम. चाचा ओरडले, "भैरू, ह्याला साखर हाय काय रं? मला हाय, मी वळखतो हे!"

"छ्या! असती तर सांगितली नसती व्हय?"

चाचांनी आक्काताईला फोन लावला. "ताई, हिंदुरावाला साखर हाय?"

शपथ आडवी आली हो! इकडं नवरा डोळे मिटतोय, तिकडं बायको देवाकडं बघतीय.

"ताई, बोल! जातोय त्यो!"

"हाय! सुई टोचून गेलेत! देव मला बघून घेईल, तुम्ही त्यांना बघा!"

बोला, विठ्ठल विठ्ठल! अशी मोडलेली शपथ देवालाही गोड लागते.

चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळली. "गिळतोयस का? गिळ!" तो गिळत होता म्हणून पाजली हां. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना! पाव तासात डोळे उघडले. भाकरी चारली आणि उचलून दवाखान्यात नेला. दारूनं साखर पहाटेपर्यंत पुन्हा घसरते, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतला. मटण अकराला शिजलं. हिंदुराव सलाईनकडं बघून म्हणतो, "पांढरा रस्सा लई पातळ केलाय!"

हसलात? हसा. आता ज्याला साखर आहे त्यानं हात वर करा.

एकही नाही? वा! सगळा गाव तब्येतीनं ठणठणीत! अहो काकू, नवऱ्याचा हात का उचलताय? त्याला उचलू दे! हां... एक. दोन. ते खांबाजवळचे — अर्धा नको, पुरता वर! सरपंच, तुम्ही पण? शाबास!

हात खाली घेऊ नका! शेजारी बसलेल्यांनो, मान वळवा आणि हे चेहरे नीट बघून ठेवा. उद्या पार्टीत ह्यांतला कुणी बरळला, तर हसण्याआधी साखर शोधा.

बघितले? सगळे? मग घ्या हात खाली.