तीन नंबरचं दार

— नाही हो सर, माझा कुठे विरोध आहे? लावा ना. नोंदी ठेवायची ती तयार लॉगिंगची लायब्ररी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती, हे मला काय कळत नाही? पॉलिटेक्निकला शिकलोय आम्ही ते. प्रत्येक ओळीपुढे आपोआप वेळ पडते, ही नुसती माहिती, हा इशारा, ही चूक — असा दर्जा पडतो, फाईल फुगली की जुनी आपली बाजूला होते. सगळं ठाऊक आहे. आणि सेंटरचा प्रोग्रॅम लिहिताना मी काय केलं, तर साध्या प्रिंटच्या ओळी. मशीनमध्ये जे झालं ते पडद्यावर छापलं, संपला विषय. तेव्हा म्हटलं, चार खोल्यांचं केळी पिकवायचं सेंटर, त्याला कशाला एवढा थाट? चहा घ्या ना, गार होतोय.

तुम्ही नाशिकहून त्या तीन नंबरच्या खोलीपायी चौकशीला आलात, तेही ठाऊक आहे. दार उघडं राहिलं, गारवा गेला, गारवा गेला की माल गेला. त्या दिवशी लाईट गेली होती — शहाद्यात लाईट जाते, त्याचं काय नवल — काय? लॉगमध्ये तसं काही नाहीये? वाचलंत वाटतं तुम्ही सगळं. बरं. नाही, लाईट नव्हती गेली. दार उघडं होतं, मशीननं तसं सांगितलं होतं, आणि ऑपरेटरनं ‘पाहिलं’ बटण दाबलं होतं. दाबलं आणि उठला नाही. हे असंच झालं, बरोबर आहे तुमचं.

ओळी अहिराणीत का? अहो, ऑपरेटरला वाचता यायला नकोत का? घरात आम्ही हिंदीच बोलतो, पण ते शिकले मराठी शाळेत आणि सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये अहिराणी बोलण्यात गेली. ‘तीन नंबरनं दार उघडं शे’ म्हटलं की लगेच कळतं त्यांना. जिनिंगच्या आवाजानं कान गेले, म्हणून तर तिथलं काम सुटलं. सेंटरवर ऐकायचं काही नाही, नुसतं वाचायचं, मालकांनी ठेवून घेतलं. हो — तुमच्या कागदावर नुसतं युसुफ लिहिलंय. अब्बा आहेत ते माझे. आधी सांगायला हवं होतं, मान्य आहे.

कुठली ओळ? ‘जेवनात का अब्बा?’ ती होय... ती टेस्टिंगची राहिली असेल. — पुढच्या दिवशीपण आहे? रोज आहे? असेल. लपवून काय करू आता, फाईल तुमच्या हातात आहे. मीच टाकते सर, इथनं, घरातनं, याच लॅपटॉपवरून. मोबाईल घेऊन दिला होता, पण ऐकू येत नाही तर फोन कशाला म्हणून तो कपाटात ठेवला. मेसेज? कामावर असताना घरचं काही नको म्हणतात. पण पडद्यावर आलेलं म्हणजे काम, ते सोडायचं नाही. प्रत्येक ओळ वाचणार आणि बटण दाबणार. मग काय, मी टाकते ‘जेवनात का’, तिकडून येतं ‘पाहिलं’. मी टाकते ‘गोळी घ्या’, येतं ‘पाहिलं’. अम्मी गेल्यापासून घरात तोंड उघडत नाहीत हो. शेजारचा तौहिद हातवारे करून करून थकला बिचारा. तेवढं एक बटण दाबतात माझ्यासाठी. ते आलं की मला इकडे जेवण जातं.

आणि साखर आहे त्यांना. डॉक्टर म्हणतात चालवा, हे दिवसभर खुर्चीत. म्हणून मी अधूनमधून — राहू द्या, ते कामाचं नाही. नाही सर, काही नाही. — तुम्ही असे बघत बसलात तर... टाकायचे मी, ‘तीन नंबरनं दार देखा’. दार चांगलं बंद असायचं. पण ते उठायचे, जाऊन बघून यायचे, तेवढेच पाय मोकळे. ओळखलं होतं हो त्यांनी. एका रात्री मी खाट टाकत होते तर म्हणाले, “बेटी, तेरा दरवाजा रोज चलाता मेरेको.” आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून मी बंद नाही केलं. माल गेला त्या दिवशी त्यांचे गुडघे धरले होते. मशीनची खरी ओळ आली. माझीच समजले. बटण दाबलं आणि बसून राहिले.

आता लिहा तुमच्या रिपोर्टमध्ये काय ते. ऑपरेटर झोपला होता असं मात्र लिहू नका. अतिकानं, म्हणजे मी, खोट्या ओळी खऱ्यांत मिसळल्या असं लिहा, तेच खरं आहे. लायब्ररी असती तर खरी ओळ लाल आली असती, माझी पांढरी — हे तुम्ही सांगायच्या आधीच मी स्वतःला सांगून बसलेय. लावा लायब्ररी. फक्त अब्बांना काढू नका. खुर्ची गेली तर पडदा गेला, आणि पडदा गेला तर मी त्यांच्याशी बोलू कशावर?

आजच? बरं, आज रात्रीपासून जुनं बंद. मग एक शेवटची टाकू द्या. ‘अब्बा, घर या.’ हं, गेली.

थांबू नका सर, वेळ लागेल. आता पूर्वीसारखं लगेच येत नाही. माल गेल्यापासून जेवणाची ओळ असली तरी ते आधी उठतात, चारही दारं हातानं ओढून बघतात, त्या गुडघ्यांनी, आणि मगच बटण दाबतात. तुमची बस निघेल. चप्पल तिथे कोपऱ्यात आहे. जा तुम्ही, मी बसलेय.